आत घेतला खरा, बाहेर काढणार कसा?

पंतप्रधानपद सोडून बांगलादेशातून पळालेल्या शेख हसीनांचं विमान ५ ऑगस्ट २०२४ रोजी गाझियाबादजवळच्या हिंडन तळावर उतरलं. तेव्हापासून देवगडच्या मासळी लिलावात कुणी ना कुणी मला गाठून विचारतोच, "सारंगानू, तुमी दुनिया फिरलास. सांगा बघूया, त्या बाईक आपण परत देतलंव काय नाय?"

दुनिया फिरलो हे खरं, पण डेकवरून. सगळी नोकरी मालवाहू बोटींवर गेली. खलाशी म्हणून चढलो, सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होऊन उतरलो. परराष्ट्र खात्यातलं मला काय कळणार? पण ज्याला कुठलंच बंदर उतरू देत नाही अशा एका माणसाबरोबर मी बोटीवर राहिलोय. तेव्हापासून असल्या बातम्या वाचताना आसरा कोणी दिला हे मी नंतर बघतो. आधी बघतो, बाहेर पडायची वाट कोणाच्या हातात आहे. बहुतेक वेळा ती त्याच्याच हातात असते, ज्याच्या भीतीनं माणूस पळालेला असतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदरात माल उतरवून आम्ही हलके निघालो होतो. बंदराबाहेर काढून देणारा पायलट उतरून गेला, किनारा दिसेनासा झाला, आणि फिटरला मागच्या बाजूनं ठोकल्याचा आवाज आला. सुकाणूच्या वर एक पोकळी असते, रडर ट्रंक. बोट रिकामी असली की ती पाण्याच्या वर येते आणि रात्री होडीतून आलेला माणूस बाहेरून तिच्यात शिरू शकतो. समुद्र खवळला की तिथं पाणी आपटतं. आम्ही आतलं नटबोल्टांनी आवळलेलं झाकण काढलं, तर खाली एकजण खांबाला मिठी मारून बसलेला. ओठ फुटलेले, डोळे लाल. अंगावर फक्त चड्डी-बनियन, आणि गळ्यात बांधलेली प्लास्टिकची पिशवी.

पिशवीत एका राजकीय पक्षाचं ओळखपत्र होतं आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण. कात्रणात सभेचा फोटो, व्यासपीठावरच्या गर्दीतल्या एका चेहऱ्याभोवती पेनानं गोल केलेला. हा मीच, म्हणाला. विरोधी पक्षाचा जिल्ह्याचा चिटणीस आहे, निवडणुकीनंतर माणसं मागावर आहेत. फोटो इतका ओला झाला होता की गोलातला चेहरा कुणाचाही असू शकला असता.

आमचे कॅप्टनसाहेब शांत माणूस. म्हणाले, "हा पुढारी आहे की पाकीटमार, हे ठरवायचा अधिकार मला नाही. तो सांगतो ते लिहून घ्या, आणि आधी त्याला जेवायला घाला." आमचा भंडारी, म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, गोव्याचा, त्यानं भात आणि हुमण वाढलं. चोरून चढलेल्याला कामाला जुंपायचं नाही असा दंडक आहे, कारण उद्या तो पगार मागू शकतो. हा मात्र रिकामा बसून कंटाळायचा आणि माझ्याकडे झाडू मागायचा. मी द्यायचो. कंपनीला कळवायचं कारण नव्हतं.

पुढच्या बंदरात अधिकारी आले, त्याला बघितलं, कागद भरले, आणि हा इथं उतरणार नाही असं सांगून गँगवेवर, म्हणजे बोटीच्या शिडीशी, दोन पहारेकरी बसवून गेले. पहाऱ्याचा खर्च कंपनीचा. त्याच्या पुढच्या बंदरातही तेच. असल्या माणसांसाठी १९५७ साली ब्रुसेल्समध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता, तो कधी लागूच झाला नाही, हे मला फार नंतर कळलं. शेवटी एका देशानं तयारी दाखवली, पण अट घातली की त्याच्याजवळ प्रवासाचा कागद हवा. तो कागद देणार कोण? त्याच्याच देशाची वकिलात. म्हणजे ज्या सरकारपासून हा सुकाणूला लटकून पळाला, त्याच सरकारचा माणूस बोटीवर येऊन त्याची ओळख पटवणार, फोटो काढणार, सही करणार. हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. मी काय करणार होतो? कागद आला, तो उतरला, पोलिसांच्या गाडीत बसला. पुढचं आम्हाला कुणी कळवलं नाही.

हे प्रकरण डोक्यात असतानाच आमची बोट पेरूला लागायला लागली. लिमाचं बंदर कॅयाओ. तिथून आम्ही मासळीची भुकटी, म्हणजे फिशमील, चीनसाठी भरायचो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या बाजूला राहणाऱ्यांना तो वास सांगायला नको. वासाचं सोडा, हा माल आतल्या आत तापून पेट घेतो, म्हणून दर पाळीला होल्डचं, म्हणजे मालाच्या कोठाराचं, तापमान घ्यावं लागतं. गँगवेवर एक म्हातारा वॉचमन असायचा. मोडक्या इंग्रजीत तो एकाच माणसाबद्दल बोलायचा आणि त्याला 'व्हिक्टर राऊल' म्हणायचा, आडनाव न लावता, घरातल्यासारखं. मला वाटायचं याचा भाऊबिऊ असेल.

तो होता व्हिक्टर राऊल आया दे ला तोरे, पेरूच्या आप्रा पक्षाचा संस्थापक. ३ ऑक्टोबर १९४८ रोजी याच कॅयाओत आरमारातल्या लोकांनी बंड केलं आणि ते एका दिवसात मोडलं. सरकारनं खापर आप्रावर फोडून पक्षावर बंदी घातली. महिना संपायच्या आत जनरल ओद्रियानं ते सरकारही उलथवलं. आया तीन महिने लपून होता आणि ३ जानेवारी १९४९ रोजी लिमातल्या कोलंबियाच्या वकिलातीत शिरला. दुसऱ्याच दिवशी कोलंबियाच्या राजदूतानं पेरूला कळवलं: हा राजकीय आरोपी आहे, आम्ही आसरा दिलाय, त्याला देशाबाहेर न्यायला सुरक्षित वाट द्या. पेरू म्हणालं, राजकीय कसला, साधा गुन्हेगार आहे, वाट मिळणार नाही. वकिलातीभोवती सैनिक उभे राहिले.

भांडण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. माझी भाची रत्नागिरीला वकिली करते. तिनं दोन्ही निकाल काढून मला समजावून सांगितले. पहिला २० नोव्हेंबर १९५०चा. न्यायालय म्हणालं, माणूस राजकीय आहे की नाही हे कोलंबिया एकटी ठरवू शकत नाही, आणि वाट द्यायला पेरू बांधील नाही. शिवाय बंडाला तीन महिने उलटून गेले होते, म्हणजे जिवावर आलेलं तातडीचं संकट नव्हतं, तेव्हा हा आसरा १९२८च्या हवाना करारात, म्हणजे वकिलातीतल्या आसऱ्याबद्दलच्या करारात, बसत नाही. मग कोलंबियानं विचारलं, तर काय, त्याला पेरूच्या हवाली करू? १३ जून १९५१ रोजी उत्तर आलं: हवाली करायला तुम्ही बांधील नाही, पण आसरा संपायला हवा. कसा संपवायचा, ते तुम्ही दोघं बघा.

भाची हसत म्हणाली, "मामा, एवढं मोठं कोर्ट, आणि म्हणतं काय, तर ठेवू नका आणि देऊही नका." मला हसू आलं नाही. आमच्या बोटीवर हेच तर झालं होतं, फक्त कोर्टाची भाषा नव्हती.

आया त्या वकिलातीत सव्वापाच वर्षं राहिला. पन्नाशी ओलांडलेला, सभा गाजवणारा माणूस, खिडकीबाहेर पोलीस. एप्रिल १९५४ मध्ये दोन्ही सरकारांचं जमलं आणि पेरूनं त्याला जाऊ दिलं. तो मेक्सिकोला गेला. त्याच्या थोडंच आधी, मार्च १९५४ मध्ये, कराकासला लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी नवा करार लिहिला होता. त्यात दोन्ही गाठी सोडवल्या: माणूस राजकीय आहे की नाही हे आसरा देणारा ठरवेल, आणि समोरच्या देशानं वाट द्यायची. आया पुढे परतला. १९७८ मध्ये पेरूच्या घटना समितीचा अध्यक्ष झाला, आणि १९७९च्या राज्यघटनेवर सही करून त्याच वर्षी वारला. ज्याला साधा गुन्हेगार ठरवलं होतं तोच. वॉचमन हे सांगताना ताठ उभा राहायचा.

करार लिहिला म्हणून भांडणं थांबली असं मात्र नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच लिमात माजी पंतप्रधान बेत्सी चावेस मेक्सिकोच्या वकिलातीत गेल्या आणि पेरूनं मेक्सिकोशी संबंधच तोडले. त्याआधी ५ एप्रिल २०२४ रोजी इक्वेडोरच्या पोलिसांनी किटोमधल्या मेक्सिकोच्याच वकिलातीत घुसून माजी उपाध्यक्ष होर्हे ग्लास यांना उचललं होतं. ग्लास भ्रष्टाचारात शिक्षा झालेले, म्हणून इक्वेडोर म्हणतं हा राजकीय मामलाच नव्हे. असेलही. पण वकिलातीच्या कुंपणावरून उडी मारणारे पोलीस मी टीव्हीवर बघितले तेव्हा ग्लासबद्दलची माझी सगळी मतं बाजूला राहिली. १९६१च्या व्हिएन्ना करारात वकिलातीची जागा अभेद्य मानली आहे, आणि त्याला 'आतला माणूस आम्हाला आवडत नसेल तर' अशी पुरवणी जोडलेली नाही.

मला सगळ्यात जास्त लागली ती व्हेनेझुएलाची गोष्ट. २०२४च्या निवडणुकीत विरोधकांचे उमेदवार एदमुन्दो गोन्सालेस. निकालावरून रण माजलं, ते आधी नेदरलँड्सच्या राजदूतांकडे लपले, आणि अटकेचं वॉरंट निघाल्यावर स्पेनच्या राजदूतांकडे गेले. सप्टेंबरमध्ये स्पेनच्या विमानानं माद्रिदला पोचले. नंतर त्यांनी सांगितलं की निघण्याआधी एका पत्रावर सही करावी लागली, सरकारच्या बाजूनं लागलेला निकाल मान्य असल्याची, आणि ती दबावाखाली केली. सरकार म्हणतं राजीखुशीनं केली. पंचाहत्तरीतल्या माणसाला वाट हवी होती आणि वाटेची किंमत सही होती. ही बातमी वाचली आणि मला तो ओरडलेला आवाज आठवला.

आपल्याकडचं उदाहरण रत्नागिरीकरांना पाठ असतं, पण ते बहुधा उडीपाशी थांबतं. ८ जुलै १९१० रोजी मार्सेला सावरकर 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून उतरून फ्रान्सच्या धक्क्यावर पोचले आणि तिथल्याच शिपायानं पकडून त्यांना परत बोटीवर दिलं. पुढे काय? फ्रान्सनं त्यांना परत मागितलं आणि खटला हेगच्या लवादाकडे गेला. २४ फेब्रुवारी १९११चा निवाडा असा की पकडून देण्यात गैर झालं खरं, पण एकदा ताबा मिळाल्यावर परत करायला ब्रिटन बांधील नाही. सावरकर अंदमानला गेले आणि १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध राहिले. त्यांच्या राजकारणाबद्दल माझ्या घरातच दोन मतं आहेत, ते सोडा. धक्क्यावरचा एक शिपाई घाईनं वागला आणि जगातल्या नामांकित कायदेपंडितांनी त्याची घाई कायम केली, हे मला खलाशी म्हणून पटत नाही. बोटीची शिडी सुटली की त्या देशाचा कायदा सुरू, एवढं आम्हाला पहिल्याच फेरीत शिकवतात.

आता हसीना. लिलावात मी जे तुटक बोलतो ते इथं नीट लिहितो. २०१३ मध्ये भारत-बांगलादेश यांच्यात गुन्हेगार हस्तांतराचा करार झाला, आणि तो खुद्द हसीनांच्याच कारकिर्दीत. डिसेंबर २०२४ मध्ये ढाक्यानं त्यांना परत मागणारं पत्र दिलं. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी तिथल्या न्यायाधिकरणानं त्यांच्या गैरहजेरीत फाशी सुनावली. करारात राजकीय गुन्ह्याला सूट आहे, पण खुनाचा आरोप त्या सुटीत बसत नाही. मागणी न्यायासाठी प्रामाणिकपणे केलेली नसेल तर नकार देता येतो, हेही त्यात आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना धरायला दोर आहेत.

आणि त्या काही बिचाऱ्या नाहीत. २०२४च्या आंदोलनात १४०० पर्यंत माणसं मेली असावीत असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं म्हटलंय. बहुतेक सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी. विरोधी पक्षात असताना ज्याला आसरा हवा असतो तो सत्तेत असताना दुसऱ्यांना पळवत असतो, असं खूपदा होतं. तरी फाशीचा निकाल हातात धरून उभ्या असलेल्या सरकारकडे मी कुणालाही पाठवणार नाही. पण त्यांना ठेवायचं तर कशाच्या आधारावर, ते दिल्लीनं उघड सांगावं. १९५१च्या निर्वासित करारावर आपण सही केलेली नाही, निर्वासितांसाठी आपला वेगळा कायदा नाही. दलाई लामा १९५९ मध्ये आले ते सरकारच्या मर्जीवर, हसीना स्वतः १९७५ ते १९८१ दिल्लीत राहिल्या त्याही मर्जीवर. मर्जी प्रत्येक वेळी चांगलीच असेल याची हमी कोण देणार? ढाक्यानं त्यांचा राजनैतिक पासपोर्ट ऑगस्ट २०२४ मध्येच रद्द केला. कागद पुन्हा तिकडेच अडकलेला.

यावर आमच्या हीचं म्हणणं, "तुमका ढाक्याचा काय पडलाहा? आपल्या कोकणातला बघा." ती चिडवायला म्हणाली, पण कोकणातलं आहेच की.

औरंगजेबाचा मुलगा अकबर १६८१च्या सुरुवातीला बापाविरुद्ध उठला, राजपुतांच्या जोरावर स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं, डाव फसला. दुर्गादास राठोडानं त्याला लढत, हुलकावण्या देत दक्षिणेत आणलं. जूनमध्ये तो सुधागडाखाली पालीच्या मुलखात पोचला, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. राजवाड्यांत वाढलेल्या शहजाद्यानं कोकणातला पहिला आषाढ कसा काढला असेल, याची कल्पना करून मला दर वेळी हसू येतं. संभाजीराजांनी त्याची सोय लावली, पण भेटले नोव्हेंबरात. मधल्या काळात राजांविरुद्ध कट करणाऱ्या कारभाऱ्यांनी त्याच अकबराला पत्र लिहून मदत मागितली आणि ते पत्र अकबरानं राजांना दाखवलं, असं इतिहासकार सांगतात. पाहुणा असा कामाला आला.

पण पाहुणा किती वर्षं? अकबराला दिल्लीवर चालून जायचं होतं. राजांना सिद्दी, पोर्तुगीज आणि खुद्द दक्षिणेत उतरलेला औरंगजेब यांच्याशी एकाच वेळी झुंजायचं होतं. १६८३ मध्ये तो वैतागून वेंगुर्ल्याला जहाजावर चढला, तर कवी कलश आणि दुर्गादास यांनी जाऊन समजूत घालून त्याला खाली उतरवलं. अखेर फेब्रुवारी १६८७ मध्ये राजापुराहून इंग्रज कप्तानाच्या जहाजानं तो इराणला निघाला. महिना बरोबर निवडलेला. त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावरून पश्चिमेला जायला वारा साथ देतो, आणि मोठं जहाज असेल तर ते खाडीच्या तोंडाशी जैतापूरला नांगरलेलं असणार, कारण मोठी जहाजं वर राजापूरपर्यंत जात नसत. जहाज मस्कतला लागलं. तिथल्या इमामानं त्याला मानानं ठेवून घेतलं आणि आतून औरंगजेबाशी त्याचा सौदा सुरू केला. इराणच्या शहानं दम भरला तेव्हा कुठे सुटका झाली. अकबर इराणातच मेला, बापाच्या आधी.

या सगळ्यात संभाजीराजांचं एक मला मोठं वाटतं. सहा वर्षांत त्या पोराला परत देऊन औरंगजेबाशी तह करायची संधी समोर उभी होती. औरंगजेबाला काय हवंय हे सगळ्या हिंदुस्थानाला ठाऊक होतं. राजांनी तो व्यवहार केला नाही. मस्कतच्या इमामानं पहिल्याच संधीला मांडला.

म्हणून मी आमच्या पट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की जैतापूरच्या धक्क्यावर एक पाटी लावू: अकबर इथून गेला, सहा वर्षं त्याला कोकणानं सांभाळलं. तासाभरात शंभरेक मेसेज. एकजण म्हणाला, औरंग्याच्या पोराची पाटी लावलीत तर मी स्वतः काढीन. दुसरा म्हणाला, लावा, पण 'शंभूराजांनी आसरा दिला' हे मोठ्या अक्षरात आणि त्याचं नाव बारीक. नाटे गावचे एक जुने तांडेल म्हणाले, जहाज जैतापूरला होतं याला पुरावा काय, राजापूरवाले आधी भांडायला येतील. एकानं विचारलं, इंग्रज कप्तानाला भाडं किती दिलं? हा एकच प्रश्न मला आवडला, पण उत्तर द्यायच्या आत ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी व्यवस्था झाली होती. ॲडमिन माझाच चुलतभाऊ. फोन केला तर म्हणतो, "गणपतीपर्यंत बंद ठेवतंय. मगे बघूया."